बद्द वाजलेली वाटी

दिवाळीच्या तोंडावर फडताळ आवरत होते आणि हातातून काशाची वाटी निसटली. आईची वाटी. अण्णा नाइट ड्यूटी करून आले की आई त्यांच्या तळपायांना तूप लावायची आणि या वाटीच्या बुडाने घासत बसायची, तूप काळं पडेपर्यंत. आई गेली, तिची बहुतेक भांडी वाटली गेली; ही एक मी मागून घेतली होती.

वाटी फरशीवर आपटली, एकदा उसळली, कडेवर उभी राहून गरगरली आणि खाली बसता बसता घर्रर्र करून एकदम गप्प झाली. उचलून पाहिली. पोचा नाही, टवका नाही. हुश्श केलं आणि सवयीने कडेला नखाने टिचकी मारली.

बद्द.

पुन्हा मारली. पुन्हा बद्द. लहानपणापासून ऐकलेला, विझता विझता कानात रेंगाळणारा तो ठंऽऽऽ नाहीसा झाला होता.

कासं म्हणजे साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. देवळातल्या घंटेचा धातूही जवळपास हाच. तांबं मऊ, कथील त्याहून मऊ, पण दोन्ही एकत्र आले की धातू असा कडक होतो की वाजतो सुरेख आणि आपटला तर तडकतो. पितळेला पोचा येतो, काशाला तडा जातो. माझ्या वाटीला केसाएवढा तडा गेला होता. डोळ्यांना तो दिसला नाही, कानाला मात्र पहिल्या टिचकीत कळला.

आपल्या भाषेला हे केव्हापासून ठाऊक आहे. खोटं नाणं बद्द वाजतं. दुखण्यातून उठलेला माणूस खणखणीत बरा होतो, ठणठणीत होतो. भांड्यांचे हे शब्द आपण सरळ माणसाच्या तब्येतीला लावले. माठ घेताना कुंभारासमोर बसून बोटाच्या पेराने वाजवून घेणारी बाई, नारळ कानाशी धरून हलवणारा, कलिंगड थोपटणारा, सगळे एकच प्रश्न विचारत असतात: आतून कसा आहेस?

हा प्रश्न विचारायला मला अण्णांनी शिकवलं, मिरज जंक्शनवर.

अण्णा रेल्वेत होते, कॅरेज अँड वॅगनमध्ये. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन ते रुळाकडच्या बाजूने निघायचे आणि एकेका चाकाला ठोका देत जायचे. ठण्... ठण्... ठण्... खिडकीतले लोक चहा पीत असत. खाली कुणीतरी आपल्या गाडीची नाडी बघत चाललंय, याचा त्यांना पत्ताही नसे. मिरज तेव्हा तिन्ही गेजचं, म्हणजे रुळांमधल्या तिन्ही रुंदींचं, जंक्शन होतं. पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगावकडे मीटरगेज, पंढरपूरकडे नॅरोगेज. सुट्टीत मी अण्णांचा डबा घेऊन जायची आणि यार्डाच्या कडेला बसून ऐकायची. नॅरोगेजच्या छोट्या चाकाचा आवाज किणकिणायचा, ब्रॉडगेजचं चाक भारदस्त घुमायचं. काही दिवसांत डोळे मिटूनही मला ते ओळखू येऊ लागले.

एकदा एक चाक बद्द वाजलं. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "अण्णा, तडा!" ते थांबले, वाकून बघितलं आणि मला जवळ बोलावलं. ब्रेकचा ठोकळा चाकाला चिकटून बसला होता.

"आधी ब्रेक सुटलाय का बघायचं. तुझा गळा कुणी धरला तर तू तरी गाशील का?"

ब्रेक सुटल्यावर त्यांनी हातोडा माझ्या हातात दिला. तो इतका जड होता की दोन्ही हातांनी उचलावा लागला. मी मारलेला ठोका अगदीच दुबळा होता, तरी चाक वाजलं आणि वाजत राहिलं. मी तळवा टेकवला तेव्हा आत काहीतरी मुंग्यांसारखं धावत होतं. ते लोखंड थरथरत होतं. हाताखाली ते थरथरणं विझत गेलं, आवाजही विझत गेला, आणि हे दोन्ही एकच आहे हे मला त्या क्षणी कळलं. पुस्तकात ते पुढे दोन-तीन वर्षांनी आलं.

पुस्तकात शब्द होता 'स्थितिस्थापकता'. वर्गात तो म्हणता म्हणता जिभेची त्रेधा उडायची. सरांनी विचारलं, जास्त स्थितिस्थापक काय, रबर की पोलाद? सगळा वर्ग ओरडला, "रबर!" सर म्हणाले, पोलाद. आम्हाला ते कितीतरी दिवस पटलं नाही. घोळ आमचाच होता. आम्ही लवचिक आणि स्थितिस्थापक एक समजत होतो. सहज ताणला जातो तो लवचिक. स्थितिस्थापक म्हणजे, शब्द फोडून बघा, आपली स्थिती पुन्हा स्थापणारा. कुणी हलवलं तर जोरानं मूळ जागी येणारा. पोलाद हलतं केसभर, पण तेवढं हलवायलासुद्धा हातोडा लागतो, आणि हलल्यावर ते ज्या त्वेषाने परत येतं त्याला तोड नाही. रॉबर्ट हूकने १६७८ साली स्प्रिंगवरचं आपलं लिखाण छापलं तेव्हा त्यानेही या गुणाला 'परत आणणारी शक्ती' असंच लॅटिन नाव दिलं होतं. विज्ञानाचे मराठी शब्द बोजड म्हणून आपण नाकं मुरडतो. हा शब्द मात्र मला रत्नासारखा वाटतो.

परत येण्याची ही ओढ हीच आवाजाची जननी. ठोका बसतो, कड आत दबते. ओढ तिला मागे खेचते, पण जागेवर पोहोचेपर्यंत तिला इतका वेग आलेला असतो की थांबता येत नाही. ती पलीकडे जाते. तिथून पुन्हा ओढ, पुन्हा जागा ओलांडणं. सेकंदात शेकडो वेळा हे चालतं. शेजारची हवा दर खेपेला ढकलली जाते, सोडली जाते, आणि तीच ढकल-सोड आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत येते. मातीचा गोळा जमिनीवर टाकला तर नुसतं थप्प होतं, कारण तो दबतो आणि दबलेलाच राहतो. त्याला परतायचं नसतं. तीच माती भट्टीतून माठ होऊन बाहेर आली की वाजते.

यातली एक गोष्ट मला आजही चमत्कारासारखी वाटते. काशाची चांगली वाटी वाजवा आणि शेवटपर्यंत ऐका. आवाज लहान लहान होत जातो, पण स्वर बदलत नाही. सुरुवातीला कड जास्त अंतर हलत असते, शेवटी अगदी नगण्य. मोठा फेरा आणि छोटा फेरा, दोन्हींना वेळ मात्र तेवढाच लागतो. कारण वस्तू जितकी दूर गेली तितक्याच प्रमाणात ओढ वाढते: दुप्पट दूर, दुप्पट ओढ. लांब गेलेली वेगाने येते, जवळ असलेली सावकाश, आणि दोघी एकाच वेळी पोहोचतात. हे असं नसतं तर तंबोऱ्याची तार छेडल्यावर स्वर विझता विझता घसरत गेला असता. 'सा' लावणं म्हणजे काय, हेच कुणाला कळलं नसतं. फरशीवर गरगरणारी वाटी बघा, तिचं उलटं आहे. ती जसजशी खाली बसते तसतशी तिची घरघर जलद होते आणि एकाएकी तुटते. तो खेळ वजनाचा आणि घरंगळण्याचा, धातूच्या ओढीचा नव्हे. पडलेल्या वाटीत हे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. एकदा वेगळे ऐकू आले की मग नेहमीच येतात.

घरात लहान मूल असेल तर एक रबरबँड घ्या. दोन बोटांत अडकवून छेडा, मग दुप्पट ताणून छेडा. स्वर खूप चढेल असं वाटतं, पण तो जवळपास तिथेच राहतो. ताण वाढला आणि रबर बारीकही झालं, त्याने स्वर चढायला हवा. पण रबर लांबही झालं, त्याने तो उतरतो. हिशेब फिटतो. आता तोच रबरबँड काड्यापेटीच्या उघड्या खोक्यावर चढवा आणि बाजूने ओढून घट्ट करा. इथे लांबी खोक्याने बांधून ठेवली आहे, म्हणून स्वर सरसर चढतो. गोंधळ्याचं तुणतुणं, सतारीची खुंटी, सगळं या एका बंधनावर चालतं. माझ्या भाचीने हा खेळ बघितला आणि घरातले सगळे रबरबँड दोन दिवसांत तोडले.

पाण्याचं तर विचारू नका. मिरजेत आमच्याकडे नळाला पाणी पहाटे यायचं. हंडा लावून मी पुस्तक घेऊन बसायची आणि आतून आईची हाक यायची, "भरला गं, बंद कर." तिचे हात पोळ्यांत, पाठ मोरीकडे. तिला हंड्याचा आवाज ऐकू यायचा. रिकाम्या हंड्यात पाण्याची धार ढबढब अशी जाड वाजते. पाणी वर येतं तशी आतली हवा कमी होते, आणि थोडी हवा जलद कापते, म्हणून आवाज बारीक होत जातो. हवासुद्धा दाबली की परत फुलणारी, तीही स्थितिस्थापक. पण तोच हंडा भरल्यावर बाहेरून वाजवा. रिकामा असताना जो स्वर होता त्याहून खाली उतरलेला ऐकू येईल, कारण आता पत्र्याला हलताना पाण्याचं ओझंही हलवावं लागतं. जलतरंगात म्हणूनच कमी पाण्याची वाटी उंच स्वर देते. भरताना आवाज चढतो, भरल्यावर वाजवला तर उतरतो. एकाच हंड्यात एकदा हवा गाते, एकदा तांबं. आईला यातलं कारण कुणी सांगितलं नव्हतं. हंडा मात्र तिने कधी उतू जाऊ दिला नाही.

आता जवळ चहाचा कप असेल तर तो घ्या. चिनी मातीचा, कान असलेला. चमच्याने कडेवर वाजवा: आधी कानाच्या बरोब्बर वर, मग थोडं सरकून, कान आणि बगल (कानापासून पाव फेरीवरची बाजू) यांच्या मधोमध. दोन वेगळे स्वर येतील, दुसरा किंचित चढा. पूर्ण फेरी मारा. कानापाशी, त्याच्या समोर आणि दोन्ही बगलांना खालचा स्वर. मधल्या चार जागी वरचा. कड वाजते तेव्हा ती गोल राहत नाही. अंड्यासारखी एकदा या दिशेने लांबते, एकदा त्या दिशेने. चार जागा झुलतात आणि त्यांच्या मधल्या चार जवळजवळ स्थिर राहतात. झुलत्या जागेवर कान आला तर त्याचं वजन घेऊन झुलावं लागतं, म्हणून चाल मंदावते. कान स्थिर जागेवर आला तर त्याचा भार कुणावरच नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ऑफिसच्या पँट्रीतले सगळे कप वाजवून पाहिले होते. हा कप लक्षात असू द्या, वाटीसाठी तो लागणार आहे.

पण मिरजेची गोष्ट तंबोऱ्याशिवाय कशी संपेल? स्टेशनावरून घरी येताना अण्णा मला सतारमेकर गल्लीतून आणायचे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांनी इथे वाद्यं बनवायला घेतली, त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानांच्या छताला पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले सुके भोपळे टांगलेले असत, आणि आत कुणीतरी मान वाकवून जवारी काढत, म्हणजे तारेखालची घोडी घासून आवाज उघडत, बसलेलं असे.

जवारी काढणं मी तासन्‌तास बघितलं आहे. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा धारदार नसतो, रुंद असतो, डोळ्याला सपाट वाटणारा. प्रत्यक्षात त्याला अगदी हलका उतार असतो. कारागीर कानशीने एक हात फिरवतो, भुकटी फुंकतो, तार चढवतो, छेडतो, मान हलवतो, तार उतरवतो, पुन्हा एक हात. थरथरणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तिची लांबी एका झुल्यातही कमी-जास्त होत राहते. मग तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा दोरा सरकवतात. तो मागेपुढे करता करता एका जागी, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरात, मिटलेला आवाज उघडतो आणि सगळी खोली भरून जाते. खर्जाच्या तारेतून न लावलेला गंधार ऐकू यायला लागतो. तो खर्जाचा पाचवा उपस्वर, म्हणजे खर्जाच्या पाचपट वेगाने थरथरणारा स्वर. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर निबंध लिहिला. साध्या तारेला तुम्ही जिथे छेडता तिथे ज्या उपस्वराची स्थिर जागा असते तो उपस्वर उमटू नये, असा नियम. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी तबला-मृदंगाच्या शाईवर लिहिलं होतं. साधं कातडं बेसूर असतं, मधल्या शाईच्या वजनाने त्याचे उपस्वर सुरात येतात. जे आपल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून, घोटून आणि ऐकून गाठलं होतं, त्यामागचं कारण त्यांनी लिहून ठेवलं.

अण्णांना गाण्यातलं फार कळत नव्हतं, पण अब्दुल करीम खाँसाहेबांची एक गोष्ट ते रेल्वेवाल्याच्या अभिमानाने सांगत. मिरजेत राहिलेले, तंबोरा असा मिळवून घेणारे की त्यातून दुसरा गवई गातोय असं वाटावं. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांची तब्येत बिघडली. ते वाटेतल्या सिंगपेरुमल कोइल स्टेशनावर उतरले आणि तिथेच फलाटावर गेले. मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना पुरलं. "स्टेशनात गेले," एवढंच वाक्य अण्णा हळू आवाजात म्हणायचे.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. हातोड्याची, इंजिनाची, भोंग्याची इतकी वर्षं कानात साठली आहेत. वयाने उंच आवाज आधी जातात. पक्षी गेले, कुकरची शिट्टी गेली, नातवंडांचे बारीक आवाज गेले. दिवाळीला मिरजेला गेले तेव्हा वाटी पदरात गुंडाळून नेली होती. त्यांच्यासमोर धरून टिचकी मारली.

"मला नाही ऐकू येत," ते म्हणाले. मग डाव्या हाताची पाची बोटं वर करून त्यांनी वाटी मागितली. बुडाखाली बोटांची टोकं, कड मोकळी. "आता मार. हळू. आणि सरकत सरकत मार."

मी नखाने वाजवत गेले. ते डोळे मिटून बसले होते, जणू मी ताप बघतेय. अर्धी फेरी झाली असेल तेव्हा म्हणाले, "इथे बरं आहे." मी ऐकलं. खरंच, इथे वाटी जराशी वाजत होती, जुन्या आवाजाची सावली असल्यासारखी. थोडं पुढे पुन्हा बद्द. मग पुन्हा बरं. चार जागी बद्द, चार जागी बरं. कपाचंच गणित. तडा झुलत्या जागेवर आला की दर झुल्याला उघडतो-मिटतो, त्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात आणि आवाज तिथेच मरतो. तो स्थिर जागेवर आला तर त्याला उघडावं लागत नाही, वाटी त्याला वगळून थोडीफार गाते. हे सगळं मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगत होते. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. बद्द वाजणाऱ्या चार जागांवरून त्यांनी अंगठ्याचं नख कडेने फिरवलं. तिसऱ्या जागी नख अडकलं.

"खडू आहे का गं?"

नातवाच्या दप्तरातून खडू आणला. नादुरुस्त वॅगनवर करायचे तशी त्यांनी वाटीला बाहेरून बारीक फुली केली.

"सिक," ते म्हणाले. रेल्वेत बिघडलेल्या डब्याला आजारीच म्हणतात, त्याला उभं करतात ती सिक लाइन. "दूध-बिध तापवू नकोस यात. तडा वाढेल."

रात्री त्यांचे पाय मांडीवर घेतले, तूप लावलं आणि त्याच वाटीने घासत बसले. आई घासायची तसं, टाचेकडून बोटांकडे. तूप हळूहळू काळं पडत गेलं. अण्णा घोरायला लागले, माझ्या अंगठ्याखाली खडूची फुली कधीच पुसून गेली होती.